जखमेवर मध : अनुभव, कारण आणि पुरावा

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात आम्ही जीवाणूंविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर प्राथमिक शाळेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा हात चुलीपाशी भाजला होता. दोन दिवसांनी ती शाळेत आली तेव्हा जखमेवर मध चोपडलेला होता आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. आजीने बांधून दिली, असे ती म्हणाली. बाईंनी तिला दवाखान्यात नेले. "ते मी बरोबरच केलं," बाई म्हणाल्या, "पण वाटेत मुलगी मला विचारत होती, आजीचं चुकलं का? तिला काय सांगायचं?"

शिबिरात लगेच दोन तट पडले. एक गुरुजी म्हणाले, हे सगळे अडाणीपणाचे उपाय, ते बंद व्हायला हवेत. दुसरे म्हणाले, आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक होते, आपणच विसरलो. मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ठोकून दिले, "मधात साखर भरपूर असते. इतक्या घट्ट साखरेत जीवाणू जगत नाहीत. मुरांबा टिकतो, तसेच हे." सगळ्यांचे समाधान झाले. आमचेही झाले.

घरी आल्यावर या विषयावर थोडे वाचन केले, तेव्हा लक्षात आले की आमचे उत्तर अर्धेच होते, आणि ते अर्धे आहे हे १९१९ सालीच दिसून आले होते. शिवाय मुलीचा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले होते. लोक जखमेवर मध का लावत आले? मध जीवाणूंना कशाने रोखतो? आणि मधाने माणसाची जखम खरोखर लवकर बरी होते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पद्धतींनी शोधली गेली. तो इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

पपायरसची गुंडाळी आणि सुश्रुताचा कान

१८६२ साली इजिप्तमधल्या लक्सर या गावी एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. तिच्यावर काय लिहिले आहे हे जगाला नीट कळायला मात्र १९३० साल उजाडले. त्या वर्षी जेम्स हेन्री ब्रेस्टेड या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाने तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. ही गुंडाळी इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराची आहे, पण तिच्यातला मजकूर त्याहून कितीतरी जुन्या ग्रंथावरून उतरवून घेतलेला असावा असे अभ्यासक मानतात.

तिच्यात जखमा, मोडलेली हाडे अशा ४८ प्रकरणांची नोंद आहे. सुरुवात डोक्यापासून होते आणि क्रमाक्रमाने खाली यायचे. प्रत्येक प्रकरणात रुग्णाला कसे तपासावे, निदान काय करावे आणि वैद्याने काय ठरवावे हे सांगितले आहे. निर्णय तीनच : याच्यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा याच्यावर उपाय नाही. मंत्रतंत्र जवळजवळ नाहीच. उघड्या जखमेसाठी एक उपचार वारंवार येतो : पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि त्यानंतर रोज चरबी, मध आणि धाग्यांचा मऊ बोळा.

आता आपल्याकडे वळू. सुश्रुतसंहिता इसवी सनाच्या आधीची आणि नंतरची काही शतके अशा दीर्घ काळात आजच्या रूपाला आली. तिच्यात फाटलेली कानाची पाळी कशी जोडावी याचे तपशीलवार वर्णन आहे. जोडणी झाल्यावर मध आणि तूप लावावे आणि वर कापूस किंवा कापड गुंडाळावे, असे तिथे सांगितले आहे. इजिप्तमध्ये चरबी, मध आणि धागे, आणि इथे तूप, मध आणि कापूस. हे साम्य पाहून आश्चर्य वाटते. पण त्यासाठी कोणी कोणाकडून शिकले असेलच असे नाही. दोन्हीकडे मधमाश्या होत्या, दोन्हीकडे स्निग्ध पदार्थ होते, आणि जखमेला कापड चिकटू नये ही अडचण दोन्हीकडे सारखीच होती.

सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आणि मधाच्या गुणांत व्रणाचे शोधन व रोपण यांचा समावेश केला. आज मराठीत आपण व्रण म्हणतो तो जखम भरल्यावर मागे राहिलेल्या खुणेला. सुश्रुताचा व्रण म्हणजे जखमच. शोधन म्हणजे तिच्यातली घाण काढून ती स्वच्छ करणे, आणि रोपण म्हणजे ती भरून आणणे. आज शल्यविशारद जखमेकडे पाहतात तेव्हा याच दोन टप्प्यांचा विचार करतात. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्यानेही सडलेल्या आणि खोल गेलेल्या जखमांसाठी मधाची शिफारस केली आहे.

जुने म्हणजे खरे का?

इथपर्यंत वाचून दुसऱ्या गुरुजींना आनंद होईल. पण जरा थांबायला हवे. इजिप्तचाच दुसरा एक प्रसिद्ध ग्रंथ, एबर्स पपायरस, इसवी सनपूर्व १५५० च्या सुमाराचा आहे. त्यात आठशेहून अधिक औषधयोग आहेत आणि त्यांपैकी शेकडो योगांत मध आहे. पण त्याच ग्रंथात निरनिराळ्या प्राण्यांची विष्ठाही औषध म्हणून सांगितली आहे. जखमेत विष्ठा गेली तर धनुर्वात होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे. मध आणि विष्ठा दोन्ही एकाच ग्रंथात, तितक्याच आत्मविश्वासाने लिहिलेले सापडतात. ग्रंथ कितीही वेळा वाचला तरी त्यातले कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे हे ग्रंथावरून कळत नाही.

शिवाय बऱ्याचशा लहान जखमा आपोआपच बऱ्या होतात. जखमेवर काहीही लावले आणि ती भरली की श्रेय त्या लावलेल्या पदार्थाला मिळते. जी भरली नाही ती नशिबाच्या खात्यात जाते. अनुभवातून उपाय सुचतो हे खरे, पण अनुभव स्वतःची परीक्षा घेत नाही. ती कोणीतरी मुद्दाम घ्यावी लागते.

ग्विदो मायनो या विकृतिशास्त्रज्ञांनी ती घेऊन पाहिली. प्राचीन जगातल्या जखमांच्या उपचारांवर त्यांनी १९७५ साली 'द हीलिंग हँड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जुने मजकूर नुसते वाचले नाहीत. पपायरसमधला मध आणि चरबीचा लेप प्रयोगशाळेत तयार करून त्यात त्यांनी जीवाणू सोडले. जीवाणू त्यात वाढले नाहीत, उलट त्यांची संख्या घटत गेली. म्हणजे लेपात काहीतरी होते. पण काय होते, हा शोध तोपर्यंत बराच पुढे गेलेला होता. तो आता पाहू.

पाणी घातले की जोर वाढतो!

मध जीवाणूंना रोखतो हे प्रयोगशाळेत प्रथम दाखवल्याचे श्रेय सामान्यतः व्हान केटेल या डच संशोधकाला दिले जाते. साल १८९२. त्या वेळी सर्वांच्या मनात जे स्पष्टीकरण आले तेच आम्ही शिबिरात दिले होते.

ते चुकीचे नाही. मधात सुमारे ८० टक्के शर्करा असतात आणि पाणी सुमारे १७ ते २० टक्के. इतके थोडे पाणी आणि तेही शर्करेच्या रेणूंनी धरून ठेवलेले. अशा द्रवात जीवाणू पडला की परासरणामुळे त्याच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तो वाढू शकत नाही. लोणच्यात मीठ आणि मुरांब्यात साखर हेच काम करते. त्यात भर म्हणजे मध चांगलाच आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ३.२ ते ४.५ असतो, आणि जखमांत आढळणाऱ्या बहुतेक जीवाणूंना तो मानवत नाही.

१९१९ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये वॉल्टर सॅकेट हे जीवाणुशास्त्रज्ञ एका अगदी वेगळ्या प्रश्नाच्या मागे होते. जखमांशी त्यांचा काही संबंध नव्हता. टायफॉइडचे जंतू बाळगणाऱ्या माणसाने मध हाताळला, तर त्या मधातून रोग पसरेल का, हे त्यांना तपासायचे होते. त्यांनी टायफॉइड आणि आतड्याच्या इतर रोगांचे जंतू मधात सोडले. ते मेले. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. मधात काही प्रमाणात पाणी मिसळल्यावर त्याची जंतू मारण्याची शक्ती कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली.

हे साखरेच्या स्पष्टीकरणात बसत नाही. मुरांब्यात पाणी घालून ठेवले तर चार दिवसांत त्यावर बुरशी येते. मधाचा जोर केवळ घट्ट साखरेचा असेल, तर पाणी घातल्यावर तो उतरायला हवा. तो चढला. याचा अर्थ मधात साखरेखेरीज दुसरे काहीतरी होते, आणि पाणी मिळाल्यावरच ते कामाला लागत होते. सॅकेटना याचा उलगडा करता आला नाही. पण आपल्या अपेक्षेविरुद्ध गेलेले निरीक्षण त्यांनी झाकून ठेवले नाही, छापले. विज्ञानाच्या इतिहासात अशा प्रामाणिक नोंदींना फार मोल असते.

नाव मिळाले, पदार्थ मिळेना

पुढचा दुवा जर्मनीत मिळाला. १९३७ साली हर्मान डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मधातला जीवाणूरोधक गुण उष्णतेने आणि प्रकाशाने नष्ट होतो. मध तापवला किंवा उजेडात ठेवला म्हणून त्यातली साखर कुठे जात नाही. तेव्हा हा गुण साखरेचा नाही हे पुन्हा सिद्ध झाले. डोल्ड यांनी या अज्ञात घटकाला 'इनहिबिन' असे नाव दिले. नावाचा अर्थ एवढाच, की रोखणारा. नाव देणे म्हणजे स्पष्टीकरण देणे नव्हे, हे वर्गात सांगण्यासाठी हे फार चांगले उदाहरण आहे. पुढची पंचवीस वर्षे इनहिबिन हे नाव वापरात राहिले, पण तो पदार्थ कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हते.

गंमत अशी, की कोड्याचे तुकडे दरम्यान वेगवेगळ्या टेबलांवर जमत होते. १९४१ साली ए. गाउहे यांनी दाखवले होते की मधमाशीच्या घशाजवळच्या ग्रंथींत एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. ते ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. हा शोध मधमाशीच्या शरीरक्रियेच्या अभ्यासाचा भाग होता, जखमा आणि जीवाणू त्यात कुठेच नव्हते. १९६० साली अमेरिकेच्या शेती खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत जोनाथन व्हाइट आणि त्यांचे सहकारी मधाच्या रासायनिक घटकांची छाननी करत होते. मधातले प्रमुख आम्ल ग्लुकोनिक आम्ल आहे असे त्यांना आढळले.

हे आम्ल येते कोठून? ग्लुकोजच्या ऑक्सिडीकरणातून. ते कोण करते? माशीच्या ग्रंथीतले विकर, ग्लुकोज ऑक्सिडेज. आता ही रासायनिक क्रिया फळ्यावर लिहून पाहा. ग्लुकोज, ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून ग्लुकोनिक आम्ल तयार होते, आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते तेच! १९६२-६३ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की इनहिबिन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून हायड्रोजन पेरॉक्साइडच.

एका फटक्यात तिन्ही गाठी सुटल्या. पक्व, घट्ट मधात हे विकर जवळजवळ निष्क्रिय असते. पाणी मिसळले की ते जागे होते आणि पेरॉक्साइड बनू लागते. सॅकेटना दिसलेला चमत्कार हाच. विकर उष्णतेने बिघडते आणि प्रकाशानेही त्याची हानी होते, म्हणून डोल्डना तसे आढळले. आणि जखमेतून जो द्रव पाझरतो तो मधात मिसळतो, म्हणजे जखमच मधाला पातळ करून कामाला लावते. दुकानातल्या ३ टक्के द्रावणाच्या तुलनेत पातळ मधातल्या पेरॉक्साइडचे प्रमाण सुमारे एक हजारांश असते. पण ते एकदाच ओतले जात नाही. थोडे थोडे, सतत बनत राहते. त्यामुळे जीवाणूंना त्रास होतो आणि नव्या वाढणाऱ्या पेशींना फारशी इजा होत नाही.

सॅकेटच्या निरीक्षणाला उत्तर मिळायला त्रेचाळीस वर्षे लागली. उत्तर देणाऱ्यांपैकी एकानेही सुरुवात जखमेपासून केली नव्हती.

माशीला याची गरज काय?

मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. माणसाच्या जखमा भराव्यात म्हणून मधमाश्या विकर तयार करत नाहीत. फुलातला मकरंद पातळ असतो. पोळ्यात आणल्यावर त्यातले पाणी उडवून मध पक्व करायला माश्यांना वेळ लागतो. तोपर्यंत हा गोड, पातळ रस जीवाणूंना आणि किण्वाला आयते जेवण असतो. या मधल्या काळात त्याचे रक्षण पेरॉक्साइड करत असावे, असे मानले जाते. मध एकदा घट्ट झाला की राखणीचे काम साखर आणि आम्ल यांच्याकडे जाते आणि विकर थंडावते. जखमेत मध पातळ होतो तेव्हा त्याची मकरंदाकडून मधाकडे झालेली वाटचाल एका परीने उलटी होते, आणि जुना पहारेकरी पुन्हा उठून बसतो.

मनुका मधाचे कोडे

कारण सापडले तेव्हा मात्र ते कोणाला फारसे नको होते. १९४० च्या दशकात पेनिसिलीन वापरात आले आणि पाठोपाठ इतर प्रतिजैविके आली. मधाची गणना घरगुती उपायांत होऊ लागली. पण १९६१ सालीच ब्रिटनमध्ये मेथिसिलिन या नव्या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू सापडल्याची नोंद झाली. जखमांत पू करणाऱ्या जीवाणूंपैकी हा एक प्रमुख. पुढच्या दशकांत असे हट्टी जीवाणू रुग्णालयांना सतावू लागले आणि मधाकडे पुन्हा लक्ष गेले.

न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन १९८० च्या दशकात मधावर काम करत होते. त्यांच्यापुढे एक अडचण होती. आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये कॅटॅलेज नावाचे विकर असते आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते. मग जखमेत मधाचे पेरॉक्साइड टिकणार किती? त्यांनी मधात मुद्दाम कॅटॅलेज घालून पाहिले. बहुतेक मधांचा जोर त्याने उतरला. मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांपासून झालेल्या मधाचा उतरेना. (ही न्यूझीलंडची मनुका. आपल्या शिऱ्यातल्या मनुकांशी तिचा काही संबंध नाही.) म्हणजे पेरॉक्साइडखेरीज आणखी काहीतरी आहेच! मोलन यांनी १९८८ साली हे प्रसिद्ध केले. उत्तर मिळायला आणखी वीस वर्षे गेली. २००८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे थॉमस हेन्ले यांच्या गटाने दाखवले की मनुका मधात मिथाइलग्लायॉक्साल हा पदार्थ साध्या मधाच्या कितीतरी पट असतो आणि तोच हे काम करतो. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना एका वैद्यकीय मधात मधमाशीच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीतले डिफेन्सिन हे प्रथिन सापडले.

थोडक्यात, 'मध' हा एक पदार्थ नाही. फूल बदलले, माशी बदलली, मध तापवला गेला की त्याचे गुण बदलतात. एका मधाचा निष्कर्ष दुसऱ्या मधाला लावताना जपून राहावे लागते.

सोलापूरचे १०४ रुग्ण

बशीतले जीवाणू मरणे वेगळे आणि माणसाची जखम भरणे वेगळे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयातच मिळणार. या प्रश्नावरचा, जगभर उल्लेखला जाणारा एक अभ्यास आपल्या सोलापुरात झाला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाचा उपयोग करून पाहिला आणि १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले.

वरवर भाजलेले १०४ रुग्ण. ५२ जणांना मधाची पट्टी आणि ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिनची. भाजलेल्या जखमांसाठी हे औषध त्या वेळी सर्रास वापरले जात होते. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुविरहित झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात १० टक्के.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. म्हणूनच ते वाचून टाळ्या वाजवण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. कोणाला मध लावायचा आणि कोणाला औषध, हे कसे ठरवले होते? जखम भरली की नाही हे ठरवणाऱ्याला तिच्यावर काय लावले होते हे माहीत होते का? मधाचा रंग, वास आणि चिकटपणा लपवणे अवघडच. आणि तुलनेतल्या औषधाने सात दिवसांत फक्त ७ टक्के जखमांनाच यश का दिले? असे प्रश्न विचारण्यात संशोधकाचा अवमान नाही. उलट त्यांनी आकडे उघडपणे मांडले म्हणूनच ते विचारता येतात. यांचे खरे उत्तर एकच : दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांनी तोच प्रयोग पुन्हा करणे.

तसे प्रयोग झाले आणि त्यांची उत्तरे एकसारखी आली नाहीत. मनुका मधाच्या माहेरी, न्यूझीलंडमध्येच, पायावरच्या जुनाट जखमांवर एक मोठी चाचणी झाली. अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे होणाऱ्या आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या या जखमा. ३६८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी, आणि दोन्ही गटांना घट्ट पट्टा बांधण्याचा नेहमीचा उपचार चालू. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर मधाच्या गटातल्या ५५.६ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या होत्या आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या ४९.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. मधाच्या गटात वेदनेच्या तक्रारी मात्र अधिक होत्या.

अशा सगळ्या चाचण्या एकत्र तोलण्याचे काम कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था करते. तिच्या २०१५ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि ३०११ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की फार खोल न भाजलेल्या जखमा मधाने काही नेहमीच्या पट्ट्यांच्या तुलनेत चार-पाच दिवस लवकर भरतात, आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमाही जंतुनाशक व गॉझपेक्षा लवकर भरतात असे दिसते. बाकीच्या प्रकारच्या जखमांबाबत पुरावा कमकुवत आहे, त्यावर विसंबून निर्णय घेता येणार नाही.

म्हणजे 'मध चालतो का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती जखम, कोणता मध आणि कशाच्या तुलनेत, हे आधी विचारावे लागते.

घरात आणि वर्गात

हे वाचून कोणी फडताळातली मधाची बाटली जखमेवर रिकामी करू नये. वैद्यकीय वापराचा मध वेगळा असतो. मधात जीवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून तो गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तापवून चालत नाही, कारण तापवले की विकर नष्ट होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली अशा मधाच्या पट्ट्यांना मान्यता दिली. बाजारातला मध तापवलेला असू शकतो, भेसळीचाही असू शकतो. भाजल्यावर पहिला उपाय वाहत्या गार पाण्याचा, सुमारे वीस मिनिटे. मोठी किंवा खोल भाजल्याची जखम, पू झालेली जखम आणि मधुमेही माणसाच्या पायाची जखम डॉक्टरांनीच पाहायला हवी.

आणखी एक गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असण्याची शक्यता असते. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये.

वर्गात जीवाणू वाढवण्याच्या फंदात पडू नये. एक बटाटा पुरेसा आहे. त्याच्या दोन सारख्या चकत्या करा. एक मधात आणि एक साध्या पाण्यात ठेवा. काही तासांनी मधातली चकती लुळी पडते, पाण्यातली ताठ राहते. हे परासरण. मग कच्च्या बटाट्याच्या चकतीवर शिक्षकांनी स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकावेत. फेस येतो. बटाट्यातले कॅटॅलेज पेरॉक्साइडचे विघटन करते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. मोलन यांची अडचण ती हीच. आता हेच उकडलेल्या बटाट्यावर करा. फेस येत नाही, कारण उष्णतेने विकर बिघडले. डोल्ड यांच्या निरीक्षणामागचे कारण अशाच जातीचे. वरच्या वर्गांसमोर सोलापूरचे आकडे फळ्यावर लिहून विचारावे : यावर विश्वास ठेवण्याआधी तुम्ही काय काय विचाराल? मुले किती चांगले प्रश्न काढतात हे पाहण्यासारखे असते.

शिबिरातल्या त्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. आमचे उत्तर अर्धे होते हे आधी कबूल केले. मग लिहिले, की मुलीला सांगा, मध लावण्यात आजी चुकली असे म्हणता येणार नाही, भाजलेल्या जखमेवर मधाचा उपयोग होतो याला आज पुरावा आहे. पण कपाटातल्या चिंधीपेक्षा स्वच्छ पट्टी हवी होती आणि पहिल्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा होता. आणि आजीला भेटून विचारा, मध लावायचे तुम्ही कोणाकडून शिकलात आणि कोणत्या जखमेला तो लावत नाही?

बाईंचे उलट टपाली उत्तर आले. आजी म्हणाल्या होत्या, की पाणी सुटलेल्या जखमेला मध चांगला लागतो, कोरडीला नाही.